नाल्यापलीकडचं काळं जनावर

पाऊस ओसरला, डोंगराच्या कडेचं गवत माणसाच्या छातीला लागलं, आणि मुलुंडच्या त्या टोकाला एक काळं जनावर दिसायला लागलं.

ते पहिल्यांदा कुणाला दिसलं यावर पुढं पुष्कळ वाद झाले. टॉवरमधल्या रत्नप्रभाबाई म्हणत, मला दिसलं, गॅलरीत कपडे वाळत घालताना. त्यांच्या सकाळच्या फिरायच्या मंडळातले एक निवृत्त बँकवाले म्हणत, छे हो, मी आदल्याच दिवशी पाहिलं होतं, उगाच घबराट नको म्हणून बोललो नाही. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणे अस्वल. रिक्षा स्टँडवरच्या एकाने तर ते मागच्या दोन पायांवर चालताना पाहिलं होतं. कुणाला डोळे लाल दिसले, कुणाला हिरवे. जितकी तोंडं तितक्या शेपट्या. एक फोटोही फिरत होता. त्यात पुष्कळसं हिरवं होतं आणि मधे एक काळा डाग होता. बोटांनी मोठा केला की डागाचा नुसता मोठा डाग व्हायचा. तरी तो फोटो बघून लोकांनी पोरांना बागेत पाठवणं बंद केलं.

बिबट्याची गोष्ट वेगळी. बिबट्या या भागाला नवा नाही. तो येतो, कुत्रं उचलतो, जातो; लोक दोन दिवस कुत्र्याची हळहळ करतात आणि कामाला लागतात. पण हे बिबट्यासारखं नव्हतं. हे काय आहे ते कुणाला सांगताच येत नव्हतं.

सांगता येत होतं ते एका बाईला, आणि तिने तोंड शिवून घेतलं होतं.

ती बाई रोज सकाळी रत्नप्रभाबाईंच्याच दारात उभी असायची. मीरा तिचं नाव. टॉवरच्या मागे, नाल्याच्या अलीकडे एक जुना तबेला अजून टिकून होता. तिथलं दूध ती आसपासच्या इमारतींत पोचवायची, तबेल्यातलं शेण काढायची, आणि दुपारी नाला ओलांडून म्हशींसाठी गवत कापून आणायची.

"अगो मीरा," रत्नप्रभाबाई पातेलं पुढे करत म्हणाल्या, "तू रोज पलीकडे जातेस ना? तुला काय्येक दिसला नाय?"

"दिसलं असतं तर सांगितलं नसतं का, मावशी?"

"जपून जा गो बाय. माझा तर जीव थाऱ्यार नाय. एवढा मोठा!" त्यांनी हात पसरले ते दाराच्या चौकटीत मावेनात. "काळाकुट्ट. अंग नुसतं चकाकत होतं. आणि जाताना माझ्याकडे असा बघून गेला, जसा काय ओळखतो मला."

ओळखत असेलही, मीराच्या मनात आलं. तुमच्या घरच्या दुधी-भोपळ्याच्या सालींवर तर वाढलंय ते. पण ती एवढंच म्हणाली, "साली ठेवल्यात का आजच्या? म्हशीला होतात." बाईंनी पिशवी आणून दिली. मापातलं दूध पातेल्यात ओतताना थोडं उंबऱ्यावर सांडलं. तिच्या हातून दूध कधी सांडत नसे.

*

गोष्ट होळीच्या आधीची. तबेल्यात एका म्हशीला टोणगा झाला.

पारडी झाली तर तिला तबेल्यात कोपरा मिळतो, आईचं थोडं दूध मिळतं. उद्या तीच दूध देणार. टोणग्याला नुसती दोरी मिळते. त्याला पाजलेलं दूध म्हणजे विकायचं दूध गेलं. त्याला कुणी मारत नाही. कुणाच्या हाताला पाप लागत नाही. फक्त त्याच्याकडे कुणी बघत नाही, आणि मग ते आपसूक संपतं.

मीराचा नवरा भीमराज तिथं म्हशी धुवायचा आणि धारा काढायचा. कामाबरोबर तबेल्याच्या मागच्या अंगाला एक पत्र्याची खोली मिळाली होती. तिथं दोघं आणि भीमराजची आई चंपा, अशी तिघं राहत. तबेल्याचे शेठ चेंबूरला असत. इथला कारभार त्यांचा भाचा प्रीतम बघायचा. वयाने भीमराजहून लहान, पण हाक मारायची ती 'भीम्या' अशीच.

त्या संध्याकाळी प्रीतमने कोपऱ्यातल्या पारड्याकडे बोट दाखवलं. "भीम्या, हे रात्रीत जाईल. सकाळी ओढून नाल्यापलीकडे टाक."

"भाऊ, मेलेलं जनावर मी ओढत नाही."

"का रे?"

"आमच्यात सोडलंय ते."

"आमच्यात!" प्रीतम मोठ्याने हसला. धार काढणारे बाकीचे पण हसले. "अरे, तुमच्यात नाही तर कोणात? तुमचंच तर काम ना ते!"

भीमराजने बादली उचलली. बादलीतलं पाणी त्याने म्हशीच्या पाठीवर ओतलं आणि काथ्याने तिची पाठ घासत राहिला. इतकी घासली, की गरीब म्हैस कंटाळून बाजूला सरकली.

घरी ताटावर बसल्यावर त्याने ते सांगितलं. चंपाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळ्यांनी त्यांना आता फारसं दिसत नव्हतं, पण कान तिखट होते.

"माजा बाप वढायचा," त्या म्हणाल्या. "गावात कुनाचं बी ढोर मेलं की सांगावा आमच्या दारात. मी ल्हान व्हते. येक दिस त्यानं तो दोर हिरीत टाकला. म्हनला, आजपून बंद. गावानं लई छळलं. पानी बंद, किराना बंद. पाटलाचा बैल येशीत पडून सडला, पर बाप काय हालला न्हाई." त्यांनी तोंड लेकाकडे वळवलं. "तवापून आपल्या घरात मेलेल्या ढोराला कुनी हात लावला न्हाई, भीमा."

"मी कुठं लावतोय, आई?"

"मग उद्या सकाळी काय सांगणार त्याला?" मीराने विचारलं. ती घाटकोपरच्या चाळीत वाढलेली. तिने ढोर ओढणं पाहिलं नव्हतं, पण ते हसणं पाहिलं होतं. शाळेत पाहिलं होतं, हॉस्पिटलच्या रांगेत पाहिलं होतं. नवऱ्याचा हात भातात नुसताच फिरताना ती बघत होती.

भीमराज एकदम उठला. "मेलेल्याला हात लावायचा नाही ना? मग मरायच्या आधीच उचलतो."

तो तसाच खरकट्या हाताने बाहेर गेला. पारड्याची मान लोळागोळा झाली होती, पण नाकपुड्या हलत होत्या. त्याने ते खांद्यावर टाकलं, नाल्याच्या दगडांवरून पलीकडे नेलं आणि झाडीतल्या जुन्या पंपघरात ठेवलं. चारी बाजूंनी दगडी भिंती, वर अर्धं छप्पर. इथं निदान कुत्री तरी लचके तोडणार नाहीत, एवढाच त्याचा विचार होता. पुढचा नव्हता.

सकाळी प्रीतमने विचारलं, "गेलं का ते?"

"गेलं."

प्रीतमने तिथंच फोन लावून चेंबूरला कळवलं, "मामा, तो टोणगा मेला." भीमराज शेजारी पेंडेचं घमेलं घेऊन उभा होता. खोटं तो बोलला नव्हता. ते आपोआपच झालं होतं.

पुढचा विचार मीराने केला. दुपारी गवताला गेली तेव्हा ती पंपघरात डोकावली. मेलं असेल तर बघायचं आणि यायचं, असं ठरवून गेली होती. पारड्याने मान उचलली. तिने भांड्याच्या तळाशी राहिलेलं दूध दोन बोटांवर घेतलं आणि त्याच्या तोंडाशी धरलं. ती खरबरीत, गरम जीभ बोटांभोवती लपेटली गेली, आणि त्या मुक्या जिवाने असं काही ओढलं की मीराला हात मागे घेता येईना. संपलं. आता ते सोडून जाणं तिच्या हातात राहिलं नव्हतं.

पेज, पिठाचं पाणी, चहाला म्हणून मिळणारं दूध, मग साली, मग कोवळं गवत. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. पारडू भरलं. दिवसा नाल्याच्या चिखलात लोळायचं, गवतात चरायचं. संध्याकाळी मीरा त्याला पंपघरात घालून दाराला पत्रा लावायची आणि पत्र्याला मोठे धोंडे. बिबट्याला साली चालत नाहीत. नाव तिने ठेवलं नव्हतं. नाव ठेवलं की जीव लागतो, म्हणायची, जसा काय आतापर्यंत लागला नव्हता.

प्रीतमला कळलं तर चोरीचा आळ, आणि काम गेलं की खोलीही गेली. चंपाबाईंना घेऊन कुठं जायचं? म्हणून दोघं नवराबायको आपसांतसुद्धा त्याचं नाव काढत नसत. भीमराज कधी कधी नुसतं विचारायचा, "बरं आहे का?" आणि ती म्हणायची, "बरं आहे."

*

गवताच्या कामाला मीराची जोडीदारीण होती जानकी. ती वरच्या पाड्यावरची वारली. तिच्याबरोबर पाड्यावरच्या आणखी बायका येत. नाल्याकाठी विळे घासायचे, पाठ वाकवून एका रांगेत कापत जायचं, भारे बांधायचे, आणि डोक्यावर चुंबळ ठेवून एकमेकींना भारा उचलून द्यायचा. भारा एकटीने डोक्यावर चढत नाही. जानकी आणि मीरा कितीतरी वर्षं एकमेकींचे भारे उचलत होत्या.

जनावराची बोलवा झाली तशा पाड्यावरच्या बायका यायच्या थांबल्या. एक दिवस जानकी एकटीच नाल्यापर्यंत आली आणि दगडावर बसली. विळा आणलाच नव्हता.

"वाघाचा काय नाय गं," ती म्हणाली. बिबट्याला पाड्यावर वाघच म्हणत. "वाघ आमचा देव. त्याची वाट वेगळी, आमची वेगळी. वाघबारसीला त्याला नारळ देतो. पण ह्या काय हाय त्याच माहीत नाय. माहीत नाय त्याला नारळ तरी कसा द्यायचा?"

मीराने विळ्याची धार अंगठ्याने पाहिली. धार चांगली होती. तरी ती पुन्हा घासत बसली.

"तू जाते ती नाय भीत?"

"मला... मला कामच आहे ना गं."

"आमाला नाय काम?" जानकी हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "तुझा तो प्रीतम आता टेम्पोनं गवत मागवतो. म्हणतो, बायका येत नाहीत तर मी काय करू. येकदा टेम्पोची सवय झाली का मग आमाला कोण इचारतो?"

सांगून टाकावं, असं मीराच्या ओठांवर आलं. तेवढ्यात नाल्याच्या अलीकडे प्रीतमची मोटारसायकल फटफटली आणि ते ओठांवरचं परत आत गेलं. तिने दुधाची बाटली जानकीच्या हातात दिली. "पोरांना घेऊन जा."

जानकीने बाटली घेतली आणि म्हणाली, "तू चांगली हायेस, मीरा."

त्या दिवशी मीराला भाकरी गोड लागली नाही. तिने भीमराजला सांगितलं, "बायकांचं काम हातचं जातंय आपल्यापायी."

"ठाऊक आहे."

"मग?"

"मग काय? तिकडं बोललो तर आपलं जातं, नाही बोललो तर त्यांचं." तो हातांना खोबरेल चोळत होता. धारा काढून काढून त्याची बोटं सकाळी मिटायची नाहीत. "दिवाळीपर्यंत गवत वाळेल. लोक विसरतील."

पण लोक विसरायच्या आत सोसायट्यांनी मिळून अर्ज केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मीरा दूध पोचवून आली तर नाल्याच्या वाटेवर आडवा बांबू, आणि बांबूपाशी खुर्ची टाकून वनखात्याचा गार्ड बसलेला.

"बंद आहे, ताई. काय ते समजेपर्यंत कुणी आत जायचं नाही."

"साहेब, गवत..."

"गवत, लाकूड, काही नाही. वरून ऑर्डर आहे." माणूस वाईट नव्हता. चपला काढून पाय खुर्चीखाली घेऊन बसला होता. "मला विचाराल तर काही नाहीये तिथं. पण लोकांना रोज फोन करायची हौस आहे ना!"

मीराने पलीकडे पाहिलं. आदल्या संध्याकाळी तिनेच पत्रा लावला होता. तिनेच धोंडे ठेवले होते, नेहमीपेक्षा एक जास्तच. आत पाणी नव्हतं. सकाळी ती पत्रा काढायची तेव्हाच ते पाण्याला नाल्यावर यायचं.

*

ऑक्टोबरचं ऊन. दुपारपर्यंत तबेल्याचे पत्रे तापून तडतडायला लागले. मीरा शेण काढत होती, घमेली उकिरड्यावर नेऊन उलटी करत होती आणि प्रत्येक फेरीला नाल्याकडे बघत होती. म्हशींपुढचे हौद तुडुंब भरलेले. एक म्हैस नुसतंच तोंड बुडवून बुडबुडे काढत होती. मीराला तिचा राग आला. म्हैस बिचारी काय करणार? पण आला.

आणि मग आवाज आला.

पारडू तहानेने ओरडलं, तर त्यात नवल ते काय? पण हे दगडी पंपघरात ओरडलं. चारी भिंतींनी तो आवाज घुमवला, अर्ध्या छपराने वर फेकला आणि डोंगराने परत पाठवला. टॉवरच्या गॅलऱ्यांपर्यंत पोचला तेव्हा त्याची डरकाळी झाली होती.

बघता बघता बांबूपाशी माणसं जमली. फिरायचं मंडळ आलं, इस्त्रीवाला आला, रत्नप्रभाबाई हातातली भाजीची पिशवी तशीच घेऊन आल्या. पाड्यावरून जानकी आणि बायका उतरल्या. प्रीतम मोटारसायकलवरून आला.

"हेच! हेच ते!" बँकवाले म्हणाले. "मी सांगत नव्हतो?"

पुन्हा आवाज आला. या वेळी बारीक, फाटका. लोक दोन पावलं मागे सरले. आतापर्यंत निवांत असलेला गार्ड चपला घालून उभा राहिला आणि फोनवर बोलायला लागला, "हो सर, आवाज आहे. पंपघरातून. बेशुद्धीची बंदूक घेऊनच या. पब्लिक खूप आहे."

बंदूक हा शब्द मीराने ऐकला. तिने भीमराजकडे पाहिलं. तो तबेल्यातून तसाच आला होता, कोपरापर्यंत हात ओले. त्यालाही आवाज कळला होता. त्याला म्हशीचा प्रत्येक आवाज कळायचा.

"अहो," ती हळूच म्हणाली.

"खोली जाईल, मीरा."

"ते मरेल तिथं. मी धोंडे लावलेत हो. माझ्या हातांनी लावलेत."

भीमराजने एकदा प्रीतमकडे पाहिलं, एकदा पत्र्याच्या खोलीकडे. दारात त्याची आई कान देऊन उभी होती. मग म्हणाला, "जा. इथलं मी बघतो."

मीरा बांबूखालून वाकून पलीकडे गेली.

"ए बाई! अहो ताई!" गार्ड ओरडला. "मीरा, मेले, मरशील!" रत्नप्रभाबाई ओरडल्या. जानकी ओरडली नाही. ती बांबूला धरून बघत राहिली.

धोंडे तापले होते. मीराने ते एकेक लोटले, पत्रा ओढला, आणि ते जनावर तिला जवळजवळ पाडून बाहेर आलं ते थेट नाल्यात. गुडघ्यापर्यंत पाण्यात उभं राहून ते पीत राहिलं. घशाच्या घोटांचा आवाज काठापर्यंत येत होता. मीरा शेजारी पाण्यात उभी राहिली आणि त्याच्या पाठीवर ओंजळीने पाणी टाकत राहिली. मग तिने नेहमीसारखी दोन बोटं त्याच्या तोंडात दिली आणि त्याला काठावर आणलं.

जमलेली माणसं दोन पावलं पुढे आली. समोर एक पारडू उभं होतं. काळं, चिखलाने माखलेलं, कान आडवे, शिंगांच्या जागी दोन गाठी.

"हे नव्हे," शेवटी बँकवाले म्हणाले. "ते मोठं होतं."

"होय तर," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "त्याची शेपूट ही एवढी होती. आणि त्याची नजर..." तेवढ्यात पारडू सरळ त्यांच्यापाशी गेलं, पिशवीत तोंड घातलं आणि मुळ्याचा पाला ओढून काढला. बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "अगो बाई! माझ्या साली... ह्या मेल्यानं खाल्लान?"

लोक हसले. गार्डने पुन्हा फोन लावला आणि बंदूक नको म्हणून सांगितलं. सगळ्यात आधी हसायचा थांबला तो प्रीतम.

"थांबा, थांबा. हे आमच्या तबेल्यातलं आहे. भीम्या, हे चोरलंस तू? आमचं खाऊन आमचंच जनावर चोरतोस?"

भीमराजने ओले हात लुंगीला पुसले.

"तुमचं कुठलं, भाऊ? होळीच्या आधीचं?"

"तेच!"

"ते मेलं. तुम्हीच शेठना फोनवर सांगितलंत. मी बाजूला उभा होतो."

"अरे, ते मी... तू म्हणालास गेलं!"

"मेलेलं मी ओढत नाही, हे तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही हसलात." त्याचा आवाज चढला नव्हता. तो धार काढताना म्हशीशी बोलायचा तसाच बोलत होता. "म्हणून मी जे उचललं ते जिवंत होतं. तुमचं मेलं, भाऊ. हे आमचं आहे."

प्रीतमने आजूबाजूला पाहिलं. त्याला वाटलं होतं, कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. गार्ड घसा खाकरून म्हणाला, "तक्रार द्यायची असेल तर द्या, साहेब. पण मेलेल्याची देणार की जिवंताची, ते आधी शेठना विचारून घ्या."

प्रीतमचा चेहरा उतरला. मामांना विचारायचं म्हणजे आधी आपलं खोटं सांगायचं. आणि मामा टोणगा घेऊन करणार काय? त्याने मोटारसायकलला किक मारली. "घाल खायला तूच. पण माझ्या आवारात हे दिसलं तर खोली खाली कर. आणि उद्यापासून धारा नाही काढायच्या. उकिरडा बघ."

"बघतो," भीमराज म्हणाला.

गर्दी पांगली. राहिली जानकी. तिने पारड्याकडे पाहिलंही नाही.

"तू माझ्यासमोर बसून विळा घासत होतीस," ती म्हणाली. "मी भीतभीत बोलत होती, आन् तू विळा घासत होतीस. तुझा पारडू जगला. आमच्या चुलीचा काय?"

खोलीची भीती, नोकरीची भीती, सगळं खरंच होतं. पण जानकीसमोर ते बोलायची मीराला लाज वाटली. "चुकले गं," ती म्हणाली आणि तिला रडू आलं. आख्ख्या दिवसात आलं नव्हतं ते आता आलं.

जानकी वळून चढणीला लागली. बरीच वर गेली. मग थांबली.

"आता तिथंच उभी राहणार का? दिवस हाय तवर वर आण त्याला. वाघ काय माझा ऐकून थांबेल?"

*

पारडू पाड्यावर जानकीच्या अंगणात राहिलं. तबेल्याला त्याचा उपयोग नव्हता, पण पाड्यावर भाताची खाचरं होती आणि चिखलणीला जनावर नव्हतं. जानकीचा नवरा त्याच्या खांद्यावरून हात फिरवून म्हणाला, अजून दोनेक पावसाळे जाऊ देत. बांबू निघाला. टेम्पो महाग पडतो म्हणून प्रीतमने बायकांना पुन्हा निरोप धाडला. भीमराज काही दिवस उकिरड्यावर होता. मग एक म्हैस दुसऱ्या कुणाला पान्हा सोडेना, तेव्हा त्याला मुकाट्याने परत धारेवर घेतलं. जानकी पहिल्या दिवशी मीराशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भारा मात्र उचलून दिला.

रत्नप्रभाबाई साली आता दोन पिशव्यांत देतात. तरी खासगीत सांगतात, ते पारडू ठीक आहे, पण मी पाहिलं ते वेगळंच होतं.

पुढच्या सुट्टीला चंपाबाईंनी हट्ट धरला, मला ते जनावर दाखवा. भीमराज त्यांना हाताला धरून, मधे मधे बसवत, पाड्यावर घेऊन गेला. म्हातारीने जवळ जाऊन पारड्याच्या कपाळावरून, कानांवरून, पाठीवरून सावकाश हात फिरवला. कितीतरी वेळ फिरवत होत्या.

"गरम हाय," त्या म्हणाल्या.

"जिवंत आहे आई ते, गरम असणारच," मीरा म्हणाली.

"न्हाई गं. मला बापाच्या हाताचं ठावं हाय. त्यो म्हनायचा, ढोराला हात लावला की गार लागतं. त्याला कदी गरम ढोर मिळालंच न्हाई हातात." त्यांचा हात पाठीवरच होता. "भीमा, हे बी कवातरी मरंल की रं. मग कोन वढंल?"

भीमराज पारड्याच्या पाठीवरचा वाळलेला चिखल नखाने काढत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"ओढायचं कशाला, आई? घरचं आहे. घरच्याला कुणी ओढत नाही, खांदा देतात."

पदराला बांधून आणलेली चपाती म्हातारीने सोडली, तिचे तुकडे केले, आणि हात पुढे धरून पारड्याच्या तोंडाची वाट बघत उभी राहिली.